आमची सावड फिटली, त्याची हकिकत

डिंभ्याच्या वरची वाडी, ता. आंबेगाव
१४ मे

ती. हौशीराममामा यांना हर्षालीचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द रीत म्हणून लिहिला आहे. प्रत्यक्षात मी ओट्यावर बसले आहे आणि मांडीवर पाट आहे.) आई आणि मी ठीक आहोत. मामींचा गुडघा, टोमॅटोची बाग आणि तुमच्या बांधापलीकडच्या दुर्बिणीच्या तबकड्या, सगळं व्यवस्थित असेल अशी आशा आहे. मोबाइलमुळे त्या तबकड्यांच्या कामात अडथळा येतो, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. त्याच कारणाने तुम्ही हल्ली माझा फोन उचलत नाही, असं मी धरून चालले आहे आणि म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदाने कुठल्या ताऱ्याला त्रास होत नाही.

आधी जे घडलं ते क्रमाने, माझं मत न मिसळता:

१. भाद्रपदातल्या पावसात आमच्या भाताच्या खाचराचा बांध मधोमध फुटला.
२. कार्तिकात आण्णा गेले.
३. यंदाच्या पडकईत सावड आमची होती, म्हणजे बांध रचायला सगळ्या वाडीने आमच्या खाचरावर यायचं होतं.
४. चैत्रात, मी जिचं काम करते त्या संस्थेने वाडीतल्या लोकांचा सत्कार केला. प्रत्येकाला टोपी आणि प्रमाणपत्र दिलं. पाहुण्यांनी आमच्या बांधावर नारळ फोडला.
५. त्या दिवसापासून आमच्या बांधावर वाडीतलं एकही माणूस आलेलं नाही.
६. आई खोडदला तुमच्याकडे राहायला यायला तयार झाली आहे.

सहावं कलम वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल. आण्णांच्या दहाव्याला तुम्ही तिला म्हणाला होतात, ताई, आता इथं कोणासाठी राहतेस, चल माझ्याकडे. तेव्हा ती म्हणाली होती, "आवंदा सावड हाये आमची. खाचर उभं राहूंदे, मग बघू." आता ती तसं म्हणत नाही. काही विचारलं की "बरं" म्हणते. आईच्या तोंडून बरं हा शब्द मी याआधी क्वचित ऐकला आहे, त्यामुळे मला त्याची काळजी वाटते.

आता चौथ्या कलमातून पाचवं कलम कसं निघालं, ते सांगायला हवं. त्यासाठी मी काय काम करते ते सांगावं लागेल. (मामी सगळ्यांना सांगतात की मी दूतावासात आहे. मी दूतावासात नाही. मी आमच्या ओट्यावर आहे.) चाकणच्या कारखान्यात असताना मशीनची स्पॅनिश माहितीपुस्तकं वाचता यावीत म्हणून मी ती भाषा शिकले. मशीनच्या पुस्तकांचं बरं असतं. तिथे एका शब्दाला एकच अर्थ असतो आणि बोल्ट किती घट्ट करायचा हा प्रश्न कोणाच्या भावनेवर सोडलेला नसतो. आण्णा गेल्यावर मी ती नोकरी सोडून इथे आले आणि घोडेगावच्या एका संस्थेचं काम घेतलं. इक्वाडोर नावाच्या देशात डोंगरातल्या गावांबरोबर काम करणारे काही लोक आहेत. गावाचं भलं कसं करावं, यावर त्यांनी स्पॅनिशमध्ये एक जाड पुस्तक लिहिलं आहे. त्यातले शब्द मी इंग्रजीत आणायचे, इंग्लंडमधल्या एका संपादकबाईंनी ते तपासायचे आणि मग ते पुस्तक आपल्याकडे वापरायचं, अशी योजना. बाईंची अट एकच होती: इंग्रजी नैसर्गिक वाटलं पाहिजे, भाषांतराचा वास येता कामा नये.

मामा, हे काम बोल्टपेक्षा अवघड निघालं. त्या पुस्तकात आकोंपान्यामिएंतो असा एक शब्द पानोपानी येतो. त्याचा अर्थ, गावाबरोबर राहणं. शिकवायचं नाही, वाटायचं नाही, मोजायचं नाही; लोकांचं चाललेलं असतं आणि आपण त्यांच्या सोबत असतो. मी तसं लिहिलं. बाईंनी समासात विचारलं, पण हे कार्यकर्ते नेमकं करतात काय? मी उत्तर दिलं, सोबत. बाईंनी लिहिलं, हे काम म्हणून दाखवता येणार नाही. शेवटी आम्ही 'साहाय्य' या अर्थाचा एक गुळगुळीत इंग्रजी शब्द टाकला. तो इतका नैसर्गिक आहे की वाचताना दिसतसुद्धा नाही. दुसरा एक शब्द होता, सोसियालिसार. म्हणजे योजना कागदावर पक्की व्हायच्या आधी ती लोकांपुढे ठेवायची आणि लोक तिचं काय करतात ते बघायचं. त्यासाठी नैसर्गिक इंग्रजी आम्हाला सापडलंच नाही. बहुधा इंग्रजीत योजना आधी पक्की होते.

मग मिंगा आलं. मिंगा म्हणजे त्या डोंगरातल्या लोकांनी एकाच्या रानात एकत्र जमून काम करायचं, घरधन्याने जेवू घालायचं, आणि मग दुसऱ्याची वेळ आली की याने तिकडे जायचं. त्यालाच जोडून प्रेस्तामानोस असा शब्द होता, म्हणजे हात उसने देणं. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन उभी राहिले. इतक्या लांबच्या लोकांनी आपली पडकई छापून ठेवली होती. आज आम्ही तुझ्या खाचराचे दगड रचतो, उद्या तू आमच्या. कोणी कोणावर उपकार करत नाही आणि कोणाची सावड बुडत नाही. (तुम्हाला हे माहीत आहे. पण गेले कित्येक महिने मी हे इंग्रजीत समजावून सांगते आहे, त्यामुळे आता सवयीने मराठीतही समजावते.)

मी बाईंना चार ओळींचं स्पष्टीकरण पाठवलं. त्यांनी चार ओळींवर काट मारून एक शब्द लिहिला. त्याचा अर्थ, स्वेच्छेने केलेली विनामोबदला सेवा. मी कळवलं की यात स्वेच्छा फारशी नाही, आणि मोबदला आहे, तो फक्त उशिरा येतो. बाईंनी अतिशय प्रेमळपणे कळवलं की वाचकाला एवढं कळण्याची गरज नाही. बाई वाईट नाहीत. आण्णा गेल्याचं त्यांना नंतर कळलं तेव्हा त्यांनी मला जे पत्र पाठवलं त्यात एकही नैसर्गिक वाक्य नव्हतं, आणि ते चांगलं पत्र होतं. पण मुदत जवळ आली होती आणि त्यांचा शब्द राहिला.

घोडेगावला संस्थेचे सुदर्शन सर आहेत. ते उत्साही आहेत. त्यांनी माझं इंग्रजी वाचलं, गेल्या वर्षीच्या आमच्या पडकईचे फोटो पाहिले आणि जाहीर केलं की ही वाडी म्हणजे स्वयंसेवेचा जिवंत नमुना आहे, हिचा सत्कार झाला पाहिजे. पाहुणे पुण्याहून आले. मागे धरणाचं पाणी दिसतं म्हणून आमच्याच बांधावर मांडव घातला. सूत्रसंचालन मी करावं असं ठरलं, कारण मी इथलीच. मी नावं पुकारली. वाडीतल्या म्हाताऱ्या भिमाजीबाबांना टोपी बसेना, म्हणून त्यांनी ती आपल्या टोपीवर घातली आणि शेवटपर्यंत मान हलवली नाही. पाहुणे अर्धा तास निःस्वार्थ सेवेवर बोलले. लोक मागे वळून बघत होते की ही सेवा कोण करतं. वाडीतली साळुकाकू शेजारणीला म्हणाली ते माइकवरही ऐकू आलं, "निस्वार्थ? आगं, म्हंजी उद्या माझ्या खाचरावर कोन येनार न्हाई का काय?" सगळे हसले. पाहुण्यांना वाटलं, आपल्या विनोदाला हसले. ते आणखी दहा मिनिटं बोलले.

मग त्यांनी नारळ फोडला, आमच्या बांधाच्या दगडावर. आणि लोक पाहुण्यांऐवजी माझ्याकडे बघायला लागले.

मी नववीपासून वसतिगृहात होते, मामा. पडकई सुरू होताना मी सुट्टीत पाहिली आहे, संपताना कधी पाहिली नाही. आमच्या वाडीत ती संपते कशी ते मला माहीत नव्हतं. सगळ्यांची देणीघेणी पुरी झाली की शेवटच्या खाचराच्या बांधावर नारळ फोडतात आणि घरधनी प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी ठेवतो. याला सावड फिटली म्हणतात. त्यानंतर कोणी कोणाचं देणं लागत नाही. त्यानंतर जो हात मागतो तो मागणारा ठरतो, आणि न बोलावता जो जातो तो त्या घराला लाचार ठरवतो. म्हणून कोणी मागत नाही आणि कोणी जात नाही. नारळ आमच्या बांधावर फुटला होता. टोप्या वाटल्या होत्या. आणि नावं पुकारायला उभी होते मी, त्या घरची मुलगी.

वाडीला वाटलं की आता ही पोर आईला घेऊन खाली जाणार, म्हणून घरानेच आपली सावड सोडून दिली. आईला वाटलं की तिचा माणूस गेल्यावर वाडीनेच ती मोडीत काढली. कोणी कोणाला विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी इतकी सभ्यता दाखवली गेली की महिनाभर मला काहीच कळलं नाही. मी बांधावर उभी राहून वाट बघत होते आणि मला वाटत होतं, लोकांची लग्नसराई असेल.

शेवटी मी साळुकाकूला सरळ विचारलं. तिने आधी मला चहा दिला. मग म्हणाली, "बाई, टोपी घेतली ना आमी. आता कोन्या तोंडानं यावं? तुज्या आईला वाटंल, कीव करत्यात." तिच्या घरची ती टोपी दारामागे खुंटीला होती. तिच्यात लसूण ठेवला होता.

मी सुदर्शन सरांना सगळं समजावून सांगितलं. ते मनापासून हळहळले आणि त्यांनी उपाय म्हणून कॉलेजची मुलं पाठवली. मुलं गुणी होती, गाणी म्हणत आली. आई पहाटे उठली. पडकईला करतात तसा तिने मोठ्या पातेल्यात भात घातला, हुलग्याची आमटी केली, पापड तळले. कोणी का असेना, माणसं बांधावर आली होती. आण्णा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच मोठ्याने बोलताना ऐकलं. ती एका मुलाला बूट काढून चिखलात उतर म्हणून दटावत होती. दुपारी मुलांनी पिशव्यांतून आपापले डबे काढले. घरावर भार पडू नये, अशी त्यांना सूचना होती. मी बोलायला पुढे झाले तर आईने हातानेच थांबवलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊंदे. जेवली न्हाईत म्हंजी आलीच नव्हती."

तो भात आम्ही दोघी दुसऱ्या दिवशीही खात होतो. साळुकाकूकडे नेता आला नसता, पडकईचा भात घामाशिवाय कोणी घेत नाही. मुलांनी रचलेला बांध फोटोत फार सुंदर आला आहे, कारण त्यांनी सगळे दगड चपटी बाजू बाहेर करून उभे लावले होते. आतून तो पोकळ होता. त्याच आठवड्यात त्याच्यावर आमची तांबडी कोंबडी चढली आणि तो ढासळला. कोंबडीला काही झालं नाही. संस्थेच्या अहवालात मात्र बांध अजून उभा आहे.

आण्णांबद्दल एक सांगते आणि पुढे जाते. गेल्या वर्षीच्या पडकईत त्यांना दगड उचलवत नव्हता. धाप लागायची. ते फक्त पाण्याची घागर घेऊन फिरायचे आणि कोणाचा दगड कुठे बसेल ते सांगायचे. तरी प्रत्येक घराने त्यांचा पूर्ण माणूस धरला. अर्धा कोणी म्हटला नाही. आण्णा मला म्हणाले होते, "पुढल्या साली आपलं खाचर. तवर मी टिकतो." मी त्यांना म्हणाले होते की डॉक्टरांचे कागद बघून मला तसं वाटत नाही. मी अचूक होते. त्याचा काही उपयोग झाला नाही.

सत्कारात त्यांच्याही नावाची टोपी होती, मरणोत्तर. आईने ती घरात आणली नाही. बांध जिथे फुटला आहे तिथे ठेवली आणि वर दगड ठेवला. रोज सकाळी ती तिथे जाते, दोन-चार दगड लावते आणि परत येते. मीही जाते. बांधाच्या पायातले मोठे दगड आम्हा दोघींना हलत नाहीत. पाऊस सुरू झाला की त्या भगदाडातून माती जाईल, आणि एकदा माती गेली की खाचर राहत नाही, नुसता उतार राहतो. परवा आईने कोंबड्या साळुकाकूला दिल्या. तांबडीसुद्धा.

माझं म्हणणं एवढंच होतं की घडलेलं तुम्हाला नीट कळावं. आईची तब्येत चांगली आहे. तुम्ही येत्या २५ तारखेला पिकअप घेऊन तिला न्यायला येणार आहात, हे तिने मला सांगितलं आहे. ट्रंक बांधून तयार आहे. मामींना नमस्कार. बागेवर करपा नसेल अशी आशा.

आपली भाची,
हर्षाली

ता. क. वर मी लिहिलं आहे की माझं म्हणणं एवढंच होतं. ते बरोबर नाही. मी भिमाजीबाबांकडे गेले होते आणि त्यांना एकच प्रश्न विचारला, फिटलेली सावड पुन्हा उघडता येते का. त्यांनी तंबाखू मळली, खाल्ली, थुंकले आणि म्हणाले, "येती की. घरचा मानूस गेला आसंल तं येती. पर बाईच्या म्हायेरचं कुनी पायजे. तिच्या भावानं बांधावर पयली कुदळ मारायची. मंग ती नवी फेरी. मंग आमी काय हितं माश्या मारीत बसनार व्हय?" त्यांच्या ओसरीत कुदळी आणि पहारी भिंतीला ओळीने लावलेल्या होत्या. मी म्हणाले, धार लावलेली दिसते. ते म्हणाले, "चैतापासून लावून ठिवलीया. गंजती म्हनून पुन्यांदा लावली."

ता. क. २. आईच्या माहेरचं माणूस म्हणून आता तुम्ही एकटेच आहात. मी हे तुमच्या लक्षात आणून देते आहे असं नाही, तुम्हाला ते माझ्याआधीपासून माहीत आहे.

ता. क. ३. तुम्ही तिच्यासाठी खोली बांधून घेतली आहे, आत बाथरूम काढलं आहे आणि भिंतींना पिस्ता रंग दिला आहे, हे मामींनी मला सांगितलं. तिला आवडेल म्हणून तुम्ही खिडकी डोंगराच्या बाजूला ठेवली, हेही सांगितलं. तुम्ही पहिली कुदळ मारलीत तर ती खोली यंदा तरी रिकामी राहील. हे कळूनच मी मागते आहे. त्यात माझा आईला इथे ठेवून घेण्याचा स्वार्थ नाही असं मी म्हणणार नाही. निःस्वार्थपणाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. २५ तारखेला गाडी आणाच. फक्त येताना तिच्यात कुदळ टाका. खाचर उभं राहिल्यावरही आई म्हणाली की मला हौश्याकडे जायचं आहे, तर ट्रंक मी स्वतः गाडीत चढवेन.

ता. क. ४. तुम्हाला कंबरेचा त्रास आहे. कुदळ एकदाच मारायची आहे. भिमाजीबाबा म्हणतात, टेकवली तरी चालेल. जेवावं मात्र लागेल.

ता. क. ५. संपादकबाईंना मी कळवलं की त्यांचा शब्द चुकला आणि मी तो मान्य केला तेही चुकलं. नव्या आवृत्तीत मिंगा तसंच राहणार आहे. त्याचा अर्थ कळावा म्हणून खाली खऱ्या घडलेल्या प्रसंगाचं एक वाक्य द्या, असं त्यांनी लिहिलं आहे. मी जागा मोकळी ठेवली आहे.

तांदूळ किती भिजत घालायचा ते आईला आदल्या दिवशी तरी सांगावं लागेल. तिला मी अजून काहीही बोललेले नाही. हे पत्र नारायणगावच्या बाजारात जाणाऱ्या आमच्या वाडीतल्या गोकुळच्या टेम्पोने पाठवते आहे, तो उत्तरही घेऊन येईल. येणार की नाही, ते २२ मेपर्यंत कळवावं.